नितीन, तुझी बटनं मी देऊन टाकली

प्रिय नितीन,

आईंसमोर मी तुला कायम ‘अहो’ म्हणाले. पण दोघंच असताना ‘तू’ होतास, तेच इथे चालू दे. आई आत्ता मागच्या गॅलरीत मेथी निवडताहेत आणि मी हॉलमध्ये तुझ्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीसमोर बसून लिहितेय. उद्या रविवार. उद्या मला त्यातलं कोरल, तुझं ते जिवंत प्रवाळ, कापायचंय. तू गेल्यापासून पहिल्यांदा, आणि एकटीनं. मला फार भीती वाटतेय रे. हे कुणाला सांगू? ज्यानं हे सगळं घरात आणलं, त्यालाच सांगते.

नगरच्या घरात समुद्र! लग्नानंतर पहिल्यांदा तू ते मिठाचं पाणी कालवताना दिसलास, तेव्हा मला वाटलं, माझ्या नवऱ्याला वेड लागलंय. कंपनीतून यायचास तो थेट टाकीपाशी. शर्टसुद्धा बदलायचा नाहीस. तेव्हापासून मी घाबरतेच आहे. खाऱ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून तू पंप काढायचास आणि मी दारातून ओरडायचे, “आधी स्विच बंद कर!” तू हसायचास. तुला माझ्या भीतीचं नेहमीच हसू यायचं ना?

मग तू ती जिवंत प्रवाळं कापून तुकडे विकायला लागलास. प्रत्येक तुकडा छोट्याशा दगडावर चिकटवायचा, त्यानं दगड पक्का धरला की पाण्याच्या पिशवीत घालायचा, थर्माकोलच्या खोक्यातून पुण्याला, संभाजीनगरला पाठवायचा. एकदा कुणीतरी फोनवर दगडी प्रवाळ मागितलं. “ते कायद्यानं बंद आहे, माझ्याकडे नाही आणि येणारही नाही,” असं म्हणून तू फोन ठेवलास. त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता. सांगायचं राहून गेलं.

पण बटनांबद्दल मात्र माझा राग आहे तुझ्यावर. ती हिरवी-केशरी, शर्टाच्या बटनाएवढी प्रवाळं, दगडावर गर्दी करून बसलेली. तुला सगळ्यात लाडकी. ती कापताना तू हातमोजे घालायचास, गॉगल लावायचास. मी विचारलं, तर म्हणालास, “ह्यांच्या अंगात विष असतं गं. कापताना उडालं तर त्रास होतो. आणि गरम पाणी तर दाखवायचंच नाही, वाफेतून छातीत जातं.” एवढं बोललास आणि चहा मागितलास! घरात विष ठेवतोय, हे सांगायची ही रीत होती का? मला निदान एका वाक्यात सांगितलंस. स्वतःच्या आईला तेवढंही नाही.

तुझ्या वर्षश्राद्धाच्या आधीची गोष्ट. आई गावाहून, काष्टीहून येऊन राहिल्या होत्या. आल्यापासून घर घासणं चालू. मी सकाळी शाळेत शिकवायला गेले, दुपारी परत आले, तर जिन्यातच समुद्रासारखा वास. उग्र, कुजका. दार उघडलं. आई स्वयंपाकघरात मोरीपाशी बसलेल्या, पुढ्यात घमेलं, घमेल्यात तुझा बटनांचा दगड, आणि त्यावर त्या पातेल्यातलं उकळतं पाणी ओतत होत्या. वाफेत त्यांचं तोंडही नीट दिसत नव्हतं.

“आई! काय करताय!”

“अगं, शेवाळ किती धरलंय बघ. सगळी बुळबुळ. पाव्हणे येनार, नित्याची पेटी चकचकीत दिसाया पायजे का न्हाई?”

आणि त्यांना खोकला आला. थांबेना. मग म्हणाल्या, “तोंडात कसंतरीच लागतंय गं. तांब्याची तार चघळल्यावानी.”

नितीन, तुझं ते चहाच्या आधीचं वाक्य कानात वाजलं. मी पदर नाकाला लावला, त्यांच्या काखेत हात घातला आणि ओढतच बाहेर आणलं. त्या म्हणत होत्या, “अगं ग्यास चालूच ऱ्हायलाय, बंद कर!” मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, दार ओढून घेतलं. रिक्षात बसेपर्यंत त्यांना हुडहुडी भरली होती. भर उन्हात! माझ्याही जिभेवर तीच कडू चव. मला वाटलं, आता आम्ही दोघीही तुझ्याकडेच येतोय.

दवाखान्यात तेच डॉक्टर होते, ज्यांनी तुला शेवटचं पाहिलं. मी धापा टाकत सांगितलं, घरी कोरल आहे, त्यात विष असतं, ते ह्यांनी उकळत्या पाण्यानं धुतलं. मला वाटलं, आता हे हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी आईंना ऑक्सिजन लावला, मला बाजूच्या खाटेवर बसवलं आणि कुणाला तरी फोन करून बराच वेळ विचारत राहिले. मग स्पष्टच म्हणाले, “ह्यावर उतारा नाही. श्वासावर आणि हृदयावर लक्ष ठेवू. वेळेवर आणलंत.”

मी आईंचा हात धरून बसले. छातीत दुखतंय म्हणत होत्या. छातीत! तोच शब्द. तुला दवाखान्यात नेतोय, असा कंपनीतून फोन आला होता तेव्हाही तोच होता. आणि तिथे बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, तुझंही हेच तर झालं नव्हतं? तो दगड, ते विष, रोज थोडं थोडं? मी रोज तुला त्या टाकीपाशी चहा नेऊन देत होते, आणि तिथेच तू संपत होतास?

डॉक्टरांना विचारायचं होतं. उत्तराची भीती वाटत होती. शेवटी विचारलं. डॉक्टर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. “नाही. त्यांची हृदयाची मुख्य रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली होती, मी स्वतः पाहिलंय. त्याचा आणि टाकीचा संबंध नाही. हे ओझं घेऊन घरी जाऊ नका.” मी तेव्हा इतकी रडले की नर्सला वाटलं आईंना काहीतरी झालं.

आईंना काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडून चहा मागितला. तुम्ही मायलेक सारखेच!

पण घरात ते घमेलं तसंच पडलेलं. आत जायची माझी छातीच होईना. मग तुझ्या पुण्याच्या इम्रानला फोन केला. तुझ्याकडून सगळ्यात जास्त तुकडे नेले ते त्यानंच. म्हणाला, “भाभी, दाराला कुलूप लावा. मी येतो.” आला तो मास्क, मोजे, गॉगल सगळं घेऊन. ब्लीच टाकून सगळं निकामी केलं, पातेलं-घमेलं बांधून नेलं. आणि टाकीत उरलेली बटनं दाखवून विचारलं, “ही?”

मी म्हणाले, “घेऊन जा. सगळी.”

त्यानं एकेक काढून डब्यात बंद केली. तुझी लाडकी बटनं जाताना बघून वाईट वाटलं. पण खरं सांगू? श्वास मोकळा झाला. तू असतास तर रुसला असतास. रुस खुशाल. मी परत आणणार नाही.

मला तर सगळी टाकीच द्यायची होती. आईंनाही तेच हवं असणार, असं धरून चालले होते. घरी आल्यावर त्या लांबूनच, दाराच्या चौकटीला धरून टाकीकडे बघत राहिल्या. मी म्हणाले, “आई, इम्रानला सांगते. हेही घेऊन जाईल. मला भीती वाटते ह्याची.”

“मला काय वाटत न्हाई व्हय? लई वाटती,” त्या म्हणाल्या. “पन त्याच्या हातचं जितं ऱ्हायलंय ते एवढंच हाय. तू भिऊनच कर. म्या न भिता हात घातला, म्हनून तर असं झालं.”

म्हणून टाकी आहे, नितीन. तुझ्या लेदर कोरलची, त्या चामड्यासारख्या प्रवाळाची, छत्री इतकी पसरलीय की खालच्या मशरूम कोरलना उजेडच मिळत नाही. ते मिटून बसलेत. वरून कापलं नाही तर खालचं मरेल, असं इम्रान म्हणाला. ह्यात बटनांसारखं विष नाही, तरी मोजे घाला, डोळे झाका, हेही म्हणाला. कापलेल्या तुकड्यांनी दगड धरला की ते संभाजीनगरच्या तुझ्या त्या जुन्या गिऱ्हाइकाला पाठवायचेत. त्याला तू गेल्याचं माहीतच नव्हतं. फोनवर मीच सांगितलं.

नवीन कात्री आणलीय, मोजे आणलेत, तुझा गॉगल पुसून ठेवलाय. तो मला सैल होतो. आईंना उद्या सकाळी शेजाऱ्यांकडे बसवून येणार आहे, आणि त्यांनी सांगून ठेवलंय की हाक मारल्याशिवाय घरात पाऊल टाकणार नाहीत.

तुला एक वचन देते. तुझ्यासारखी हसत हसत मी हे कधीच करणार नाही. दर वेळी घाबरेन, दर वेळी मोजे दोनदा तपासेन. आणि ज्या दिवशी टाकीत हात घालताना मला काहीच वाटलं नाही, त्या दिवशी हात बाहेर काढीन आणि इम्रानला फोन करीन.

तुझीच भित्री,
मनीषा