उदबत्तीने सापडलेली गळती

बाबा, तुमची, माझी आणि हात काळे करून जगलेल्या प्रत्येकाची तक्रार एकच: दुरुस्त होणारी वस्तू लोक बिनदिक्कत फेकायला सांगतात. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, मी नागपूर सोडून डब्लिनच्या कडेला सिटीवेस्टला आलो, आणि इथेही तेच ऐकलं. "हेडर बदलावाच लागेल," गॅरेजवाला फोनवर म्हणाला, "तीन आठवड्यांनी या." तीन आठवडे! तुम्ही न पाहिलेली तुमची सून इथल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर आहे. या एकवीस सालच्या जानेवारीत ती बारा-बारा तास मास्कमध्ये काढते, आणि तो उतरवून गाडीत बसली की नाकात जातो इंजिनाचा धूर. धूर सायलेन्सरकडे नेणारी चार नळ्यांची जुडी, म्हणजे हेडर, आधीच्या मालकाने हौसेने बाहेरून आणून बसवला होता. त्याच्या जोडातून गळत होतं. शुक्रवारी ती कपाळ धरूनच घरात शिरली. मी या 'फेकून द्या' संस्कृतीवर तोंड उघडणार, तोच म्हणाली, "भाषण नको. सोमवारी सहाला मला निघायचंय. तोवर होईल का, तेवढं सांग."

भाषण नको! हे मी आधीही ऐकलंय. मी सोळा वर्षांचा आहे, वक्तृत्वस्पर्धेची ढाल जिंकून आलोय आणि आपल्या गॅरेजात एका जीपखाली आडवा पडून श्रमप्रतिष्ठेवर बोलतोय. बोलता बोलता मी कडेचा नट आधी आवळतो, जीव खाऊन, आणि जोडातली गळती रोखणारी पातळ पट्टी, गॅस्केट, एका बाजूने चेपते. "काहून बे, कुस्ती खेळून राहिला का?" तुम्ही खाली वाकून बघता. "गॅस्केट चेपलं ना! भाषण नंतर दे, आधी हात धू." आणि मला सरळ घरात, स्वयंपाकघरात नेऊन उभं करता. आई थालीपीठ थापतेय. "हिच्याकडून शीक," तुम्ही म्हणता. आई हसते. "मधून कडेला, बाळा. कडेने सुरुवात केली की मधे फुगतं." त्या दिवशी मी चार थालीपिठं खाल्ली आणि नट कसे आवळायचे ते कायमचं शिकलो. संध्याकाळी तुम्ही खिशातून फिलर गेज काढून माझ्या हातावर ठेवलंत, फट मोजायच्या पातळ पात्यांचा तो पंखा. ढालीबद्दल एवढंच म्हणालात, "बोलण्याआधी मोजत जा."

आज रविवार. सकाळी थंड इंजिन सुरू केलं. टिक, टिक, टिक. तापलं की धातू फुगतो, फट मिटते आणि आवाज लपतो, म्हणून चोर थंडीतच पकडायचा. आधी पेट्रोलचा वास नाही ना ते पाहिलं, मग गणपतीतली उरलेली चंदनाची उदबत्ती पेटवली आणि एकेका नळीच्या तोंडाशी धरली, अगदी तुमच्यासारखी. शेजारचे म्हातारबा, निवृत्त बस ड्रायव्हर, कुंपणापलीकडून बघत होते. "गाडीची पूजा का?"

"चोर शोधतोय."

"मग तुझ्या देवाला सांग, माझ्या बॉयलरकडेही जरा बघ."

पहिल्या नळीशी धूर सरळ वर. दुसरीशी सरळ. तिसरीशी कुणी फुंकर मारावी तसा तो बाहेर उडाला, आणि मी असा ओरडलो की त्यांचा कुत्रा भुंकायला लागला. इंजिन निवल्यावर हेडर उतरवला. त्याच्या सपाट पट्टीवर पोलादी फूटपट्टी उभी धरली, आणि मधोमध तुमच्या गेजचं पातं खालून सुळकन गेलं. हेडरचीच पट्टी वाकली होती! "आणि हा काळा लेप?" म्हातारबांनी विचारलं. "आधीच्या मालकाचे उद्योग," मी म्हणालो, आणि गळती लेपाने झाकणं ही कशी फसवणूक आहे यावर त्यांना पंधरा मिनिटं सुनावलं. ते हसत चहा आणायला गेले. मी दोन तास कानस चालवली, पातं शिरेना तोवर. मग जवळच्या क्लोनडॉकिनहून आणलेलं नवं गॅस्केट, आणि नट मधून कडेला, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत. इंजिन तापवलं, निवू दिलं, पुन्हा आवळलं.

संध्याकाळी थंड इंजिन पुन्हा सुरू केलं. टिकटिक नाही. चारही तोंडांशी धूर सरळ. तुमची सून काचा चढवून गाडीत बसली, नाक वर करून, परीक्षकासारखी. दहा मिनिटांनी काच खाली आली. "काही नाही रे," ती म्हणाली. "नुसतं चंदन." आणि किती दिवसांनी ती मनापासून हसली! कुंपणापलीकडून म्हातारबांनी कप उंचावला. "ग्रँड!"

हे पत्र जाणार कुठे? घडी घालून फिलर गेजच्या डबीत ठेवतोय. त्याआधी एक सांगून टाकतो: तो लेप आधीच्या मालकाचा नव्हता. शनिवारी गॅस्केटबरोबर लेपाची ट्यूबही मीच आणली आणि न मोजता फासली. उद्या सहाला ती किल्ली फिरवेल. तुमच्याकडे साडेअकरा झालेले असतील. हातातला पाना खाली ठेवा, बाबा, आणि कान लावून ऐका. काहीच ऐकू आलं नाही, तर जमलं समजा.