रझियानं काय व्हावं

२० नोव्हें. १९६०, रविवार. दारव्हा

बाजारातून येताना सत्तारभाईंनी हाक मारली. मोटार स्टँडमागे त्यांचं ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान. हात काळे, म्हणून कोपरानंच स्टूल पुढे सरकवला. त्यांची रझिया माझ्या अकरावीच्या वर्गात आहे. सगळ्या वर्गात दोनच मुली, त्यांतली एक.

"बाई, पोरगी मार्चात मॅट्रिक देईन. मंग काय? तिची अम्मी म्हनते शादी. मी म्हनतो, इतकी शिकली त काही तरी करन. पन काय करन? मले त इंजिनाच्या पलीकडचं काही समजत नाही."

मी म्हटलं, मास्तरीण होऊ द्या. एका दमात म्हटलं. विचार करावा लागलाच नाही.

घरी येईपर्यंत खूश होते.

२४ नोव्हें.

रझिया इंग्रजीच्या निबंधासाठी आली. मी स्टोला पंप मारून थकले होते. म्हणाली, "बाई, सरका." वॉशर काढला, तेलात भिजवला, बोटानं फुलवला, परत बसवला. चहा झाला. निबंध मात्र तसाच राहिला. विषय होता 'माझे ध्येय'. वहीत तारीख आणि मथळा, खाली कोरं पान.

४ डिसें., रविवार

ट्रंक आवरताना मास्तरणींच्या ट्रेनिंगचा, नॉर्मल स्कूलचा फोटो सापडला. अमरावती, १९३४. मागच्या रांगेत डावीकडून तिसरी मी, शेजारी शांता. शांताचे डोळे मिटलेले. फोटोवाल्यानं 'हलू नका' म्हटलं की तिला हसू यायचं.

केवढ्या लवकर गेली ती दोन वर्षं. होस्टेलची ती लांब खोली, सोळा खाटा, सकाळी सगळ्यांच्या वेण्यांना एकदम लागणारं खोबरेल. सरावाच्या शाळेत पहिला पाठ दिला तेव्हा पूर्ण वेळ टेबलाला टेकून उभी राहिले. विषय आठवत नाही. टेबल आठवतं. पाठ संपल्यावर शांतानं खिडकीबाहेरून टाळ्या वाजवल्या आणि तिला शिक्षा झाली.

रझियालाही असं सगळं मिळावं. तिच्या नावानं ट्रेनिंगचा फॉर्म मागवते.

१४ डिसें., बुध.

पाचवीच्या बाई रजेवर. भूगोलाचा तास रझियाला दिला, मी मागच्या बाकावर बसले. अडाण नदी. तिनं पोरांनाच उभं केलं, कोणी डोंगर, कोणी नाला, कोणी गाव, आणि मधून एका मुलीला नदी म्हणून पळवलं. वर्ग डोक्यावर घेतला पोरांनी. हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले आणि न बोलता परत गेले. त्यांच्याकडून हे सर्टिफिकेटच.

मला पंचवीस वर्षांत असा तास घेता आला नाही. खोटं कशाला लिहू.

बाहेर आल्यावर म्हटलं, झालं तर मग, जन्मजात मास्तरीण आहेस.

"बाई, मले नाही आवडलं."

"काहून गं? इतका छान घेतलास."

"जमलं. पन आवडलं नाही. सारे माह्याकडेच पाहून राह्यले होते. मले एखाद्या चीजेकडे पाहाले आवडते. ते आपल्याकडे पाहात नाही."

१५ डिसें.

राग आला आहे. फॉर्म टपालानं आला. पुस्तकात घालून ठेवला.

१ जाने. १९६१, रविवार

हेडमास्तर म्हणतात, तिला दुसरं काही दाखवा. काय आहे दाखवायला? मुलीसाठी मास्तरीण नाहीतर नर्स. पोस्टात एकही बाई नाही. तहसिलीत नाही. बोटांवर मोजायला लागले आणि दोनावर थांबले.

शांताला पत्र टाकलं. नॉर्मल स्कूल संपल्यावर वर्षभरात तिनं शिकवणं सोडलं आणि नर्स झाली. आता यवतमाळच्या दवाखान्यात सिस्टर आहे. तेव्हा मी तिला भित्री म्हटलं होतं, मुलांना भिते म्हणून. वा रे मी.

७ जाने., शनि.

रझियाला घेऊन लहान रुळांच्या गाडीनं यवतमाळ. गाडी इतकी हळू की खिडकीतून हात काढून तुरीच्या शेंगा तोडाव्यात. आम्ही कळंबच्या दोघी, मी आणि शांता, अमरावतीला जाताना पहिल्यांदा या गाडीत बसलो तेव्हा तिला बैलगाडीची बहीण म्हटलं होतं. रझियाला सांगितलं, हसली.

शांता जाड झाली आहे. हसू तेच. वॉर्ड दाखवले, ड्रेसिंग दाखवलं. रझिया घाबरली नाही, पण रमलीही नाही. नमस्कार करायला देवळात आणलेल्या पोरीसारखी उभी.

मग शांता सहज म्हणाली, एक्स-रेची खोली पाहता का? तिथे निंभोरकर म्हणून वयस्क गृहस्थ. काळा पडदा, तारेवर वाळत घातलेल्या काचा-फिल्मा. एका शेतकऱ्याचं मनगट होतं. निंभोरकरांनी उजेडासमोर धरलं. बोटांची सगळी हाडं ओळीनं पांढरी, आणि मनगटात एका ठिकाणी केसाएवढी रेघ.

रझिया हललीच नाही. मग प्रश्न. फिल्म किती वेळ धुवायची? शिशाचा झगा कशाला? हात हलला तर? जाड माणसाला किरण जास्त लागतात का? पाऊण तास. शांता दोनदा जाऊन आली.

निंभोरकर मला म्हणाले, "नागपूरले शिकवतात हे. पण पोरी नाही येत याले."

रझिया म्हणाली, "येत नाहीत का येऊ देत नाहीत?"

म्हाताऱ्यानं फिल्म परत तारेला लावली. "तसं पाहिलं त," म्हणाला, "आतापर्यंत कोणत्या पोरीले विचारलंच नाही आम्ही."

परतताना गाडीत ती आपल्याच मनगटाकडे पाहत होती. उलटं, सुलटं.

८ जाने.

निंभोरकरांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मी चौदा वर्षांची होते. कळंबला मोजणीची माणसं आली होती, चिंतामणीच्या देवळापलीकडच्या आंबराईत त्यांचा तंबू. रोज पाणी भरायला जाताना मी उभी राहायची. त्यांच्यातला एक मोठा माणूस, टोपीवाला, एक दिवस म्हणाला, "पाहायचं का? ये. दुसरा डोळा मिटू नको." तिपाईवरच्या दुर्बिणीतून पाहिलं तर आमचं सारं गाव उलटं. निंब खाली डोकं करून लटकलेला, गोदाकाकू डोक्यावर चालत विहिरीकडे निघालेली. मी हसत सुटले. तो म्हणाला, "हसू नको, वाच." मग लांब उभ्या केलेल्या पट्टीवरचे आकडे वाचायला शिकवले. आठ दिवस मी त्याला आकडे सांगत होते आणि तो वहीत लिहीत होता. एकदाही चुकले नाही. जाताना त्यानं नकाशातलं एक नको असलेलं पान दिलं. त्यात आमचं घर तांदळाएवढं.

ते पान मी किती दिवस उशाखाली ठेवलं होतं. सगळ्यांच्या परसातल्या वाटा पावलांनी मोजायची. आई म्हणायची, पोरीला काय झालं.

दोन वर्षांनी काकांनी नॉर्मल स्कूलचा फॉर्म भरला. सही तेवढी माझी. मी रडले नाही, कारण तेव्हा दुसरं काही मागता येतं हेच माहीत नव्हतं. पुढे शाळा आवडलीच मला. मुलं आवडली. पण कोणी विचारलं नव्हतं हे खरं.

आणि मी रझियाचा फॉर्म मागवून बसले.

१९ मार्च, रविवार

पेपर सुरू. इंग्रजी बरा, गणित छान, इतिहास कसाबसा. रोज दुपारी सत्तारभाई शाळेच्या फाटकाशी सायकल घेऊन उभे. इंजिनवाले शेतकरी दुकानासमोर खोळंबलेले असणार.

९ एप्रिल, रविवार

निंभोरकरांनी नागपूरचा पत्ता पाठवला. आज अर्ज सत्तारभाईंकडे घेऊन गेले. अम्मी पडद्याआडून म्हणाल्या, "अंधाऱ्या खोलीत पोरगी? परक्या मरदांसंग? लोक काय म्हणतीन?" चुकीचं नाही त्यांचं. लग्नाला त्यांचा अमरावतीचा भाचा आहे, चांगला आहे, सायकलीचं दुकान आहे.

सत्तारभाईंनी हात पुसून अर्ज घेतला. मग, "देखो बाई, तुमी म्हनसान तसं."

एरवी हे ऐकून मला बरं वाटलं असतं. आज भीती वाटली. म्हटलं, "मला नका विचारू. तिला विचारा."

त्यांनी मान वळवली. बापानं मुलीला असं काही विचारायची त्या घरातली बहुधा पहिलीच वेळ. दोघंही लाजले.

"बेटा, तुले काय वाटते?"

"अब्बा, तुमी इंजिन खोलता तवा आत काय बिघडलं ते पाहाले पुरं खोला लागते. तिथं न खोलता दिसते." एवढंच बोलली.

सत्तारभाई हसले नाहीत. "न खोलता," म्हणाले. अर्जावर उर्दूत सही केली. अम्मींनी चहा पाठवला, साखर नव्हती त्यात. राग असावा. मी प्याले.

११ जून, रविवार

निकाल. रझिया सेकंड क्लास! तिच्या घरून शेवया आल्या, अम्मींनी स्वतः झाकून पाठवलेल्या.

नागपूरचं उत्तर नाही.

१७ जून, शनि.

हेडमास्तर धावत आले म्हटलं तरी चालेल. नेरकडच्या एका खेड्यात जनपद सभेच्या शाळेत जागा आहे, मॅट्रिक मुलगी हवी, ट्रेनिंग मागून. पाचवीचा तो तास त्यांना आठवत होता, त्यांनीच नाव सुचवलं. ऑर्डर हातात. एक जुलैला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला.

नागपूरचं काय झालं विचारलं. मी म्हटलं, वाट पाहत आहोत.

"बाई, तुम्ही त्या पोरीचं नुकसान करून राहिल्या."

भला माणूस आहे. मुलीसाठी धावला.

२८ जून, बुध.

रझिया आली. ऑर्डरचा कागद चार घड्या करून मुठीत. पायरीवर बसली.

"बाई, काय करू?"

मी म्हटलं, माझं म्हणणं तुला माहीत आहे, मला तू मास्तरीण व्हावीस असं वाटतं, अजूनही वाटतं. पण ते माझं झालं. मग तिला कळंबची गोष्ट सांगितली, मोजणीवाल्याची. आजवर कोणाला सांगितली नव्हती. शांतालासुद्धा नाही.

तिनं विचारलं, "तुमाले पस्तावा आहे?"

पटकन नाही म्हणणार होते. थांबले. म्हटलं, "शाळेचा नाही गं. पण डांबरी सडकेचं काम चालू असलं आणि तिथे ती तिपाई दिसली की मी रस्ता बदलते."

जाताना माझ्या पाया पडली. कधी पडत नाही, त्यांच्यात नसतं. मी उठवलं.

१ जुलै, शनि.

नेरला गेली नाही. सकाळच्या गाडीनं बापलेक नागपूरला निघाले, समक्ष विचारायला. सत्तारभाईंनी दुकानाला कुलूप लावलं, ऐन पेरणीच्या दिवसांत. अम्मी स्टेशनवर आल्या होत्या. डबा खिडकीतून देताना म्हणाल्या, "नाही झालं त सीधी घरी ये. रडू नको." मग मलाच धरून रडल्या.

हेडमास्तर शाळेत भेटले. नमस्कार केला आणि वर्गाकडे वळले.

९ जुलै

सत्तारभाई एकटे परत. ती तिथे खालाकडे, अम्मींच्या बहिणीकडे राहिली आहे. जागा भरल्या, पण प्रतीक्षा यादीत तिसरं नाव लागलं. कोणी आलं नाही तर घेतील. तोवर तिथल्या साहेबांनी रोज येऊन बसायला हरकत नाही म्हटलं. नेरकडची ती जागा दुसऱ्या मुलीला गेली.

१३ ऑगस्ट, रविवार

दुपारी सत्तारभाई कार्ड घेऊन आले. रझिया मराठीत लिहिते, ते त्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. यादीतलं एक नाव सरकलं. आता ती दुसरी. रोज आठला जाते. फिल्म धुवायला देतात, मशीनला हात लावू देत नाहीत. एका म्हातारीनं तिला नर्स समजून लुगडं सावरायला बोलावलं, तेव्हापासून बायका आल्या की तिलाच हाक मारतात. महिनाअखेर कळेल. अम्मीले सांगा, जेवते.

"अजून एकडाव वाचा."

वाचलं. 'जेवते' पाशी त्यांनी मान हलवली. कार्ड घेतलं, खिशात ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

"बाई, खरं सांगा. आपन तिले बरोबर रस्त्यानं लावलं ना?"

"मला माहीत नाही, सत्तारभाई."

वाटलं, नाराज होतील. ते पहिल्यांदा मोकळे हसले. "चला," म्हणाले, "मले वाटलं मलेच एकट्याले माहीत नाही."

मग दोघं ओट्यावर बसून राहिलो. समोरच्या निंबाखाली डबकं साचलं होतं. ते म्हणाले, यंदा पऱ्हाटी चांगली उगवली, कापूस होईल. मी म्हटलं, हो.