कपाटातले थर

८ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. माझी तब्येत बरी आहे. गुडघा तेवढा आपली हजेरी लावून जातो. एक बातमी सांगतो, हसू नकोस. काल संध्याकाळी टीव्हीवर शनिवारचा खोदकामाचा कार्यक्रम लावला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. इतके आठवडे त्या वेळेला मुद्दाम फिरायला निघून जायचो.

एका शेताखाली जुनी विहीर आहे असं त्यातल्या टोपीवाल्याचं म्हणणं होतं. हाडवाल्या बाई नाही म्हणत होत्या. (ही नावं आईनेच ठेवलेली, खरी आम्हाला कधी पाठ झाली नाहीत.) खणून खणून शेवटी निघाली काय, तर सांडपाण्याची मोरी! टोपीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला एवढं हसू फुटलं की सवयीने शेजारच्या खुर्चीकडे वळलो, आणि मग टीव्ही बंद केला.

तुला माहीत आहे आमचं कसं चालायचं. मी मोजणी खात्यातला माणूस, त्यांची दोरी जरा तिरकी लागली की माझा जीव वरखाली. ती म्हणायची, जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्यात, आता टीव्हीतल्या तरी सोडा. आणि खापरांचा ढीग निघाला की म्हणायची, या घरची बाई माझ्यासारखीच धांदरट होती बरं का.

घरात थोडं बिनसलं आहे. उन्हाळ्यात बाळ येणार, म्हणून दादाला आईची खोली हवी आहे. त्याचं चूक नाही. पण आईचं कपाट एका दुपारी पिशव्यांत भरून मोकळं करतो म्हणाला आणि माझा तोल गेला. नको ते बोललो. सूनबाई बिचारी रडली. आता सगळे माझ्याशी जपून बोलतात, ते तर आणखीच नको वाटतं. खोली द्यायची आहे हे मला कळतं, पण हात धजत नाही.

लोभ आहेच. पत्रं मात्र लांबवू नकोस.

तुझे
बाबा

१५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मोरीचा भाग मीही बघितला. नाटक मंडळीच्या शिवणखोलीत आम्ही एक जुना टीव्ही ठेवला आहे. राजाच्या झग्याला जरीचा काठ लावता लावता बघत होते. आमच्या मुख्य शिंपीणबाई म्हणाल्या की जमिनीतून मोरी निघाली म्हणून एवढं हसणारी मुलगी त्यांनी जन्मात पाहिली नाही. तेव्हा बाबा, तुम्ही एकटे हसला नाहीत.

कपाटाचं म्हणाल तर दादाच्या हातात फावडं आहे आणि तुम्हाला हवा आहे कुंचला, एवढंच भांडण आहे. मग तुम्हीच करा की! अगदी टीव्हीतल्या खोदणाऱ्यांसारखं. आधी मोजा, नकाशा काढा. सगळ्यात वरचा थर आधी उचला. काय कुठे होतं ते बघितल्याशिवाय हलवायचं नाही आणि घाई करायची नाही. वहिनीला मदतीला घ्या, म्हणजे समेटही होईल. काय काय निघालं ते मला कळवा. मी इथे बसून हाडवाल्या बाईंसारखी तुमच्याशी वाद घालीन.

मी तिथे यायला हवं होतं हे मला कळतं, पण नवं नाटक उभं राहीपर्यंत सुटका नाही. गुडघ्याला शेक घ्या. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
चिमणी

८ मार्च

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं ऐकलं. टेप काढली, कपाट मोजलं, कप्प्यांचा नकाशा केला. दादाने कपाळाला हात लावला, पण सूनबाई उत्साहाने स्टूल घेऊन आली. तिला वाकता येत नाही, म्हणून मी वस्तू काढायची आणि तिने जागा नोंदवायची असं ठरलं. पहिला कप्पा फार मजेत गेला. माझं हरवलेलं चष्म्याचं घर निघालं, त्यात सुया! डबाभर बटणं निघाली, एकाला एक जुळेल तर शपथ. सूनबाई म्हणाली की या घरच्या बाईने बटणं तोडायचा कारखाना काढला होता. कितीतरी दिवसांनी या घरात मोठ्याने हसलो.

दुसऱ्या कप्प्यात तिचे ब्लाउज होते, एकावर एक. वरून एकेक काढून पलंगावर ओळीने मांडले. मांडून झाल्यावर दिसलं की ओळ निमुळती आहे. तळाचा चांगला ऐसपैस, मग एकेक करत अरुंद, आणि सगळ्यात वरचा तर शाळकरी मुलीचा म्हणावा एवढा. प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी हाताने घातलेली नवी शिवण. एक ढगळ व्हायला लागला की तो कप्प्यात ठेवून द्यायचा आणि दुसरा आवळून घ्यायचा, असं चाललं होतं तिचं.

काळ मला लावता आला. निळा तिने बुडालेल्या जहाजाच्या भागाला घातला होता. जहाजाची पहिली फळी वर आली तेव्हा हातातला चहा सांडला, तो डाग अजून आहे. वरचा तपकिरी, बारीक फुलांचा, टोपीवाला चिखलात आपटला त्या संध्याकाळचा. हसून हसून तिला ठसका लागला होता, मी पाणी आणून दिलं. आपण डॉक्टरांकडे गेलो ते त्यानंतर. मग आजारपणात गाऊनच. म्हणजे डॉक्टरांनी आपल्याला सांगायच्या कितीतरी आधीपासून ती झिजत होती, आणि आपल्याला दिसू नये म्हणून टाके घालत होती.

हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला दातदुखी होती हे त्याच्या हाडांवरून कसं कळतं, ते मी तिला कौतुकाने समजावून सांगायचो. ती हूं म्हणायची. माझ्या शेजारी बसून, चिमणे. मला सहन होत नाही गं. तिला ठाऊक होतं का? आपण यातून उठत नाही हे कळूनही दर शनिवारी माझ्याजवळ एकटीने बसली का? एवढं जरी मला कळलं असतं! कपाटाचं काम थांबवलं आहे.

आता लिहवत नाही. तू सांभाळून राहा.

तुझे
बाबा

१६ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून शिवणखोलीत सगळ्यांसमोर रडले. सर्दी झाली म्हणून सांगितलं, पण कुणाला पटलं नसावं.

बाबा, एक वस्तू निघाली की कार्यक्रमातली माणसं तिच्यावरून किती भांडतात ते आपण दोघांनी बघितलं आहे. तुम्ही फार लवकर निकाल दिलात. आता माझं ऐका, कारण हे माझं काम आहे आणि ते मला आईनेच शिकवलं. कपडा आवळताना दोन रीती असतात. अंग पुन्हा भरेल असं वाटत असेल तर जादा कापड शिवणीच्या आत दुमडून ठेवायचं, म्हणजे टाके उसवले की कपडा पूर्वीएवढा होतो. पुन्हा कधीच मोठा करायचा नसेल तर ते कापून टाकायचं. आई चिंधीसुद्धा टाकायची नाही. तिने कापड आत ठेवलं असणार, पैज लावते. आणि ते असेल तर तिला काहीही ठाऊक नव्हतं. चार दिवसांची अशक्तता आहे, आपण बरे होऊ, असंच ती धरून चालली होती, आणि तुमच्याजवळ बसून खरोखर हसत होती.

बारीक टोकाची कात्री घ्या. दोनतीन टाके सोडून एक कापायचा, मग उलट्या बाजूने दोरा हळूच ओढायचा. हिसका मारू नका, कापड फाटेल. एकेक उसवून बघा आणि मला लगेच कळवा. मला झोप लागणार नाही.

तुमच्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,

चिमणी

२९ मार्च

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी घरची बातमी. खोली रिकामी झाली. दादाने आणि मी मिळून कपाट बाहेर काढलं. बाळाची खाट खिडकीपाशी ठेवली आहे. ती भिंतीला समांतर नव्हती, मी दोरी लावून सरळ केली. सूनबाईला ते फार आवडलं. दादाने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

काल शनिवारी कार्यक्रम लावून ब्लाउज उसवायला बसलो. पडद्यावर ती माणसं कुंचल्याने माती झटकत होती आणि मी इकडे टाके काढत होतो. तुझं बरोबर निघालं. तळाच्या ब्लाउजात बोटभर कापड आत दुमडलेलं होतं, आणि त्याचा रंग असा ताजा, जणू आजच दुकानातून आणलेलं. पुढच्यातही तसंच. निळ्यातही. एकेक ब्लाउज हातात मोकळा होत गेला आणि तिच्या खऱ्या अंगाएवढा झाला. मी सूनबाईला हाक मारून दाखवलं की बघ, ती बरी होणार होती, तिला काही ठाऊक नव्हतं. किती दिवसांनी छाती भरून श्वास घेतला म्हणून सांगू.

मग तो वरचा तपकिरी घेतला, चिखलाच्या संध्याकाळचा. दोन्ही बाजू उसवल्या. तो मोठा होईना. आत कापडच नव्हतं. कडेने कात्री चालवलेली होती, अगदी सरळ रेघेत, तिच्या हातची.

तर चिमणे, तिला ठाऊक होतं. आणि त्या संध्याकाळी ती ठसका लागेपर्यंत हसली.

मी उसवून ठेवला, ते करायला नको होतं. तिचं शेवटचं शिवणकाम मी मोडलं. सोबत तो पाठवतो आहे. तू पुन्हा शिवून दे. मोठा करू नकोस, तिने केला होता तेवढाच कर. सुईची भोकं कापडावर अजून दिसतात, त्यांतूनच जा.

तुझ्या लोभाचा आधार आहे.

तुझे
बाबा