पंप टिकटिकत नाही

२ मे १९७४, गुरुवार
गाडी आली. अँबॅसॅडर, मद्रास नंबर. विट्याचे धोंडिराम पाटील तिकडे सोनं गाळतात, त्यांनी वापरलेली. कडेगावात गाडीवाले मोजकेच, त्यात आता आम्ही.
१६ तारखेला वडूजला बहीण बनूच्या मुक्ताचं लग्न. बनूला निरोप धाडला आहे : नवरीला देवळातून मंडपात मामा स्वतःच्या गाडीतून आणणार. मग बोहल्यावर तिच्या पाठीशी मीच उभा. एसटीतून घामेजून उतरणाऱ्या मामांची मला किळस येते.

५ मे, रविवार
बॉनेट उघडलं. आत काय ती घाण! रॉकेलने सगळं पुसलं, पंप उतरवला, मागच्या पत्र्याला चंदेरी रंगाचे दोन हात दिले, पंप परत बसवला. हिने विचारलं, "आवं, इंजान कोण बघतंय? वरची धूळ पुसा की आदी." बाईमाणसाला इंजिनातलं सौंदर्य काय कळणार.

७ मे, मंगळवार
गाडी चालू होत नाही. या गाडीत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. किल्ली फिरवली की आतली कॉइल पडदा ओढते, झडप उघडते, पेट्रोल पुढे जातं. तेव्हा टिकटिक ऐकू यायला हवी. येत नाही.
काळजी नाही. मी कारखान्यात इलेक्ट्रिकल सेक्शनला आहे. (स्टोअरला. पण स्टोअर इलेक्ट्रिकलचंच.) उद्या संध्याकाळपर्यंत फॉल्ट सापडेल.

८ मे
सापडला नाही. बॅटरीचा संशय.

९ मे
बॅटरी ठणठणीत. किल्लीचा स्विच बदलला. तरी शांतता. स्विच बनवणाऱ्यांबद्दल काय लिहावं!

१० मे, शुक्रवार
विट्याहून बाळासो मिस्त्री आला. तंबाखू चोळली, त्याच हाताने पंप चाचपला आणि वर पान्याचा टोला हाणला. टिकटिक सुरू! म्हणाला, "आण्णा, बंद पडला की एक टोला हाणायचा. लय इचार करू नगा." मी विचारलं, पण कारण काय? म्हणाला, "कारण मलाबी न्हाई ठावं. चालतंय न्हवं?"
ही आपल्याकडची कारागिरी! त्याला चहा न देता वाटेला लावलं. हिने मागच्या दाराने दिला.

१२ मे, रविवार
पंप पुन्हा बंद. टोला न मारण्याचा निश्चय. टोला म्हणजे विज्ञानाचा अपमान.
बल्बला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प केला. एक टोक पंपाच्या स्क्रूला, दुसरं बॅटरीच्या अर्थला. बल्ब लागला. म्हणजे करंट पंपापर्यंत येतो. म्हणजे दोष पंपाच्या पोटात. पंप जागेवरच उघडला, आतले करंट जोडणारे पॉइंट घासले. बंद केला. टिकटिक! डायग्नोसिस पूर्ण. हिला बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, "घड्याळागत वाजतंय," आणि आत गेली. कौतुकाची ही पद्धत.

१४ मे
पुन्हा मुकी. पॉइंट पुन्हा घासले. पुन्हा टिकटिक. याला मी दुरुस्त झाली असंच म्हणतो.
ही म्हणते, आदल्या दिवशी एसटीने जाऊ. बनूलाही मदत होईल. मी म्हणालो, मुळीच नाही. गाडी दारात असताना?

१६ मे, गुरुवार. सकाळी
हार बांधला. मामाकडची साडी, नारळ मागच्या सीटवर. मुहूर्त दुपारचा. भरपूर वेळ आहे. निघतो.

त्याच दिवशी. मायणीच्या अलीकडे, बाभळीखाली
बंद पडली. ऊन मरणाचं. मनाविरुद्ध टोला मारला. मग बरेच मारले. काही नाही. आता टोलासुद्धा काम करत नाही, इतकी या देशात बेशिस्त!
एसटी आली. हिने हात करून थांबवली, साडी-नारळ काखोटीला मारले. म्हणाली, "तुमीबी चला. गाडी काय पळून जातीया?" मी म्हणालो, फॉल्ट हाताशी आला आहे. ती पायरीवर उभी राहून म्हणाली, "आवं, पोरीच्या पाठीशी कोण हुबं ऱ्हानार?" मी सांगितलं, एसटीच्या मागोमाग पोचतो. कंडक्टर ओरडला. बेल वाजली. ती बराच वेळ खिडकीतून मागे बघत होती.
बरं झालं. आता शांतपणे काम होईल.

नंतर. तिथेच
सापडला!! लॅम्पचं एक टोक पंपाच्या स्क्रूला, दुसरं पंपाच्याच अंगाला. बल्ब लागला नाही. म्हणजे करंट येतो, पण त्याला परत जायला वाट नाही. अर्थ! अर्थची वायर ज्या पत्र्यावर स्क्रूने बसते, त्या पत्र्यावर चंदेरी रंग. रंगातून वीज जात नाही. टोल्याने, घासण्याने स्क्रू हलून तेवढ्यापुरता पत्र्याला टेकत होता. किल्लीने रंग खरवडला, स्क्रू आवळला. टिक टिक टिक टिक.
रंग कंपनीने डब्यावर हे छापायला नको का?
मिस्त्री न बोलावता, पुस्तक न बघता शोधलं. बनूला सगळं समजावून सांगेन. निघतो.

१७ मे, शुक्रवार
काल वडूजला पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती. मुक्ताच्या पाठीशी केरबा उभा राहिला, म्हणे. आमचा लांबचा चुलतभाऊ, मिशीला तेल लावणारा. मुहूर्त दोनदा लांबवला, भटजी थांबेना, म्हणून बनूने त्याला पुढे केला.
बनूला म्हणालो, अर्थ तुटला होता. ती म्हणाली, "असू दे दादा. हात धू, जेवून घे." डोळे लाल होते तिचे. लग्नघरात धूर फार.
वरातीला गाडी देऊ केली. व्याही म्हणाले, "नगं पाव्हणं. वाटंत थांबली मजी?" मुक्ताला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं. त्याआधी ती केरबाच्या गळ्यात पडून रडली. मग मी दिसलो. पाया पडली, म्हणाली, "मामा, तुमी कवा आला?"
आत्ताच, म्हणालो.
ही आणखी दोन दिवस बनूकडे राहणार. मग एसटीने येईल. मी सकाळी एकटा निघालो.
येताना गाडी एकदाही थांबली नाही.