स्टिअरिंग जरासं जड आहे, एवढंच

२ मे
आजपासून नियमित लिहिणार. लेक नववा महिना लागला म्हणून आमच्याकडे आली आहे. जावई जहाजावर, वीस तारखेला उतरेल. हॉस्पिटलात तिला मीच नेणार, आपल्याच व्हॅनमधून. सात सीट, चौदा वर्षांची सोबत. बायकोने विचारलं, स्टिअरिंगचं काय? स्टिअरिंगला काही झालेलं नाही. जरासं जड आहे. तेवढाच दंडांना व्यायाम.

५ मे
ही म्हणते, गाडी डावीकडे ओढते. अगं, रस्त्यालाच डावीकडे उतार आहे.

६ मे
उजवीकडे उतार होता तिथेही डावीकडेच गेली. टायरमधली हवा असणार. उद्या नक्की बघतो.

९ मे
इंटरनेटवर याच मॉडेलच्या मालकांचा ग्रुप सापडला. एक्केचाळीस जणांची एकच तक्रार : आधी जड, मग कुरकुर, मग वळणावर अचानक जाम. एक्केचाळीस जणांना गाडी चालवता येत नाही, त्याला कोण काय करणार? आपली कुरकुरत नाही.

१० मे
कुरकुरते.

१३ मे
मेकॅनिककडे गेलो. तो गाडीखाली शिरला. मग म्हणाला, काका, स्टिअरिंगचा रॅक गेलाय, गाडी इथेच ठेवा, चार दिवस लागतील. चार दिवस! मध्येच कळा आल्या तर? ऑइल टाकून घेतलं. निघताना दोघांनी मिळून स्टिअरिंग फिरवलं, तेव्हा कुठे गाडी वळली. हिला सांगितलं, ऑइल कमी होतं, झालं काम.

१५ मे
हिने टॅक्सीवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवला. चिकटवू दे. मी हॉस्पिटलचा असा रस्ता काढलाय की वळण एकच. अंतर दुप्पट, पण सेफ्टी महत्त्वाची.

१७ मे, दुपारी १
व्हॅनमध्येच बसून लिहितोय. साडेदहाला कळा सुरू झाल्या. ही फोनकडे धावली. मी अडवलं. मीच अडवलं. त्या एकाच वळणावर स्टिअरिंग अर्ध्यात जाम. मी दोन्ही हातांनी लोंबकळतोय आणि मागून लेक ओरडतेय, बाबा, वळवा ना, वळवा! गाडी फुटपाथवर चढली, खांबाला टेकून थांबली. मागून पावाचा टेम्पो आला. चालवणाऱ्या बाईने काही न विचारता लेकीला पुढे घेतलं. ही मागे, क्रेटांच्या मध्ये. मला जागा नव्हती. असती तरी कुणी ये म्हणालं नव्हतं.

१७ मे, संध्याकाळी
चालत पोचलो. नात झाली. दोघी सुखरूप. मला बघून लेकीने डोळे मिटले. थकली असणार.

१९ मे
टोइंगवाल्याने चाकं ठोकून सरळ केली आणि व्हॅन आणून फाटकातच सोडली. असू दे, नजरेसमोर राहील. मेकॅनिक काय म्हणाला होता ते हिला अजून सांगितलेलं नाही. आज सांगणार होतो. उद्या.

२१ मे
लेक आज घरी आली. जावयाने भाड्याची गाडी आणली होती, पण फाटकात व्हॅन. मी, ही, शेजारी, सगळ्यांनी ढकलली. सरळ पुढे पायरीपर्यंत जाते, सरळ मागे गल्लीत आडवी येते, बाजूला म्हणून होत नाही. शेजारी हसले. ही हसली नाही. शेवटी जावयाने गाडी कोपऱ्यावर लावली. नात त्याच्या हातात, आणि मागून लेक, टाके सांभाळत, उन्हातून पाऊल पाऊल चालत. मी छत्री घेऊन धावलो, हात पुढे केला. तिने छत्री घेतली. हात नाही घेतला. म्हणाली, बाबा, तुम्ही नका धरू, मला आईला धरू दे.
बाजूला झालो.