आवाजाची वेगळी वाट

६ फेब्रुवारी २००६, सोमवार

नवी नोकरी, नवी वही. दिल्लीत द्वारकेचा फ्लॅट, चौथ्या मजल्यावर, पाणी सकाळी तासभर, पण बाल्कनीतून विमानं अगदी पोटापर्यंत दिसतात. राधा वेडी होईल. चार वर्षांच्या मुलीला आणखी काय हवं? रुचिरा लगेच यायचं म्हणत होती. मीच म्हटलं, तीन महिन्यांत नोकरी पक्की होऊ दे, मग पुण्याचं बिऱ्हाड हलवू.

ऑफिस गुडगावात, काचेच्या इमारतीचा तिसरा मजला. इथली दोनशे पोरंपोरी ऑस्ट्रेलियातल्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलतात. पहाटे चारला येतात, दुपारी दोनला जातात. प्रत्येकाला एक फोननाव: सुनीता म्हणजे सुझन, दलजीत म्हणजे डेव्हिड. दोननंतर मजला माझा, तारा आणि यंत्रं बघायला. कॅब दारात, जेवण फुकट. मजा आहे.

९ फेब्रुवारी

मजा संपली. कामाचं दुखणं असं: फोनचा आवाज आणि कॉम्प्युटरचा डेटा एकाच तारेतून धावतात. कोणी मोठी फाइल उतरवली की डेव्हिडचं वाक्य अर्ध्यात तुटतं आणि गिऱ्हाईक शिव्या देतं. उपाय सोपा. तार तीच, आत दोन वाटा आखायच्या: एक आवाजाची, एक डेटाची. आवाजाला आधी सोडायचं.

सोपा म्हणे! एका तारेवर लेबल असेल तर शपथ. वर गौरव, माझा साहेब, दर तासाला खांद्यावर थाप मारून विचारतो, यार, हो जाएगा ना? सामान मागितलं की मात्र पुढच्या महिन्यात देखेंगे. दात आहेत तर चणे नाहीत.

१५ फेब्रुवारी

आज फोनांची यादी भरली. प्रत्येक फोनला नंबर आणि फोननाव. खरं नाव घालायचं नाही, असा गौरवचा नियम. मी माझ्या फोनपुढे सरळ साकेत लिहिलं. मी काय चोर आहे, पीटर व्हायला?

जुन्या फोनयंत्रणेचे बळवंतराव बघत होते. सरकारी एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले, चाळीस वर्षं पहाडगंजात. या मजल्यावर मराठी आम्ही दोघंच. म्हणाले, अरे साकेत, आमच्या वेळी ऑपरेटर लाइनीवर नंबर द्यायचा, नाव कधीच नाही. नाव दिलं की लाइन माणसाला ओळखते. मी हसलो. त्यांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा चिडलोच. जो तो उठतो आणि मला शिकवतो.

२२ फेब्रुवारी

झालं! आवाज एकीकडे, डेटा एकीकडे. सकाळपासून एकही फोन तुटला नाही. गौरवने समोसे मागवले.

फक्त एक खोट. दुपारी तीनला मजला रिकामा असतो, आवाजाची वाट शून्यावर यायला हवी. येत नाही. एका माणसाच्या बोलण्याएवढा आवाज सतत वाहतोय. यंत्रं विकणाऱ्या कंपनीला विचारलं, तर बंद करून चालू करा म्हणे. तीनदा केलं. डोक्याला नुसता ताप.

२४ फेब्रुवारी

दोनशे बारा फोन एकेक करून उपटले. बोलणं चालूच. पडद्यावर नंबर माझ्या फोनचा. माझ्या फोनची तार माझ्या हातात होती.

संध्याकाळी रुचिराला फोन केला. ती हसली. म्हणाली, आज काय दोनदा? दुपारी तासभर बोललास की.

मी केला नव्हता. सांगितलं तर म्हणाली, थट्टा पुरे.

२७ फेब्रुवारी

रोज दुपारी तीनला तिला फोन जातो. म्हणाली, दुपारचा तू किती छान बोलतोस, चिडत नाहीस, राधाला गोष्ट सांगतोस. संध्याकाळी असा खेकसतोस का? मी आणखी खेकसलो. ती रडली. मला मत्सर वाटला. कोणाचा? माझाच?

घसा बसलाय. सगळे म्हणतात, दिल्लीची धूळ.

१ मार्च

दोन्ही वाटा पुन्हा एक करायला बसलो. होत नाही. यादीतून माझं नाव पुसलं, पाच मिनिटांत परत आलं. पुन्हा पुसलं. परत. टेबलावर मुठी आपटल्या. गौरवला फाटक्या आवाजात सांगितलं, सगळं उलटं फिरवू या. त्याने ऐकलंच नाही. कॉल्स इतके साफ कधीच नव्हते, पागल हो क्या?

डॉक्टर म्हणाले, घशात काहीच नाही.

३ मार्च

आवाज गेला. बसला नाही – गेला. तोंड उघडतो, नुसती हवा.

रुचिराला मेसेज केला, दुपारचा तो मी नाही. उत्तर नाही. आणखी सात. ईमेल. शेवटी एक ओळ आली: माझ्या नवऱ्याचा मोबाइल चोरणाऱ्या माणसा, लाज वाटू दे.

त्याने सांगितलंय तिला. मोबाइल चोरीला गेला. लिहून काहीही आलं, तर विश्वास ठेवू नकोस.

बोलणं सगळं त्याच्याकडे. माझ्याकडे फक्त लिहिणं.

६ मार्च

बळवंतरावांना कागदावर सगळं लिहून दिलं. हात जोडले. त्यांनी तिला फोन लावला. रुचिरा म्हणाली, थांबा हं काका, साकेत दुसऱ्या फोनवर आहे, त्यालाच विचारते. मग बळवंतरावांना तिकडून माझं हसणं ऐकू आलं. त्यांनी फोन ठेवला, डबा उचलला, पहाडगंजला निघून गेले. मला बजावून गेले की आता फोन करू नकोस. कसा करणार होतो?

रुचिराने त्यांना हेही सांगितलं: त्याने दोघींना बोलावलंय. तिकिटं काढलीत. परवा पोचतात.

पुण्याला निघायला उशीर झाला – मी पोचेन तोवर दोघी गाडीत बसलेल्या असतील –

८ मार्च, नवी दिल्ली स्टेशन

गाडी आली. रुचिरा उतरली. राधा कडेवर. फोन कानाला. हसते आहे.

समोर गेलो. हात पसरले.

तिने पाहिलं. मागे सरली. फोनमध्ये म्हणाली, अरे, आलाय तो – तू म्हणालास तसाच – अगदी तुझ्यासारखा दिसतो, आणि मुका –

राधा बाबा म्हणून माझ्याकडे झेपावली. रुचिराने तिचं तोंड छातीशी दाबलं. लोक मला धरताहेत –

तो तिला सांगतोय कुठे वळायचं. बाहेर ऑफिसची कॅब उभी आहे. कॅब फोनवरूनच मागवतात –

हे पान मोठ्या अक्षरांत लिहून तिच्यापुढे धरतो –

रुचिरा, हा मीच. माझं अक्षर बघ. फोन ठेव. कॅबमध्ये बसू नकोस. राधाला खाली ठेव, ती येईल माझ्याकडे, ती मला ओळख