एक नंबरचा रिमोट

महाड,
२० ऑक्टोबर २००२

चि. सद्यास,
नीलेशदादाचे अनेक आशीर्वाद. पाया न पडता घे, फुकट आहेत.

इकडे सगळे ठीक. आईने चकलीची भाजणी दळून आणली आहे. अमिताची सहामाही चालू आहे, आणि ती अभ्यास सोडून बाकी सगळं मन लावून करते. बाबांची मिनिडोर परवा पोलादपूरहून येताना बंद पडली, तेव्हा आतल्या सहा माणसांनी ती ढकलली आणि वर भाडंही दिलं. हे पत्र त्याच गाडीतून तुझ्याकडे येतंय. सोबत एक पिशवी आहे. ती तू पत्राआधीच उघडली असणार, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

काकांनी तुला टीव्ही गेम घेऊन दिला हे ऐकून बरं वाटलं. कॅसेटवर नव्याण्णव लाख का काय गेम लिहिलेत म्हणे, आणि त्यातले कुठले खेळू असं तू बाबांना विचारलंस. बाबांना गेममधलं काय कळतंय? म्हणून मी सांगतो. आधी हे ऐक की दुकानदाराने काकांना उल्लू बनवलंय. खरे गेम वीसेक असतात. पुढे तेच नाव बदलून परत येतात. माझी कॅसेट हाशिमच्या वडिलांनी कुवेतहून आणली होती, तीही तसलीच. मी आणि हाशिमने शेवटच्या नंबरापर्यंत जाऊन बघितलंय. तिथे काही नाही.

पिशवीत बंदूक आहे. तुझ्या सेटला माझी पिन बसते. सगळ्यात आधी बदकांचा गेम खेळायचा. उभा राहून, हात सरळ लांब करून, खऱ्या शिकाऱ्याच्या ऐटीत. टेबलावर कोपर टेकवायचं नाही. हा गेम नंतर खेळू म्हणून ठेवायचा नसतो.

मग दोन सोल्जरवाला. त्यात उडी, गोळी आणि बाण एकदम दाबावे लागतात, दोन्ही अंगठ्यांना फुरसत मिळत नाही. अंगठे दुखले तरी खेळ. मग मिशीवाला. त्याला पळवत ठेवून उडी मारायची असते, म्हणजे एक बटण दाबून धरायचं आणि त्याच अंगठ्याने दुसरं दाबायचं. बोलायला सोपं आहे. तळ्याजवळ राहणारा माझ्या वर्गातला एक जण तो शेवटपर्यंत गेल्याचं सांगायचा, पण तो बऱ्याच गोष्टी सांगायचा.

रणगाड्यांचा गेम निवांत आहे. चार बाण, गोळीचं एक बटण, आणि खाली विटांच्या आत बसलेला गरुड सांभाळायचा. पण तो एकट्याने खेळू नकोस. तो दोघांचा गेम आहे आणि तो तू माझ्याबरोबर खेळायचास. दिवाळीच्या सुट्टीत ये. एक नंबरचा रिमोट माझा, दोन नंबरचा तुझा, नेहमीसारखं.

राहिला विटा पडतात तो, आणि पिवळा गोळा तोंड उघडून गोळ्या खात फिरतो तो. ते म्हाताऱ्यांचे गेम. चांगले आहेत, फार चांगले, पण त्यांना आत्ता हात लावायचा नाही. ते कुठे पळून जात नाहीत.

गणपतीत तू आमच्या पायरीवर पडलास तेव्हा मी तुला मेंगळट म्हटलं होतं. ते विसरून जा.

मावशी, हे पत्र आधी तूच वाचणार, तेव्हा तुलाही नमस्कार. बाबांकडे दिलेला निरोप मिळाला. मी शब्द पाळलाय. बघ, सगळं गेमबद्दलच आहे.

तुझा एक नंबर,
नीलेशदादा


महाड,
१२ जानेवारी २००३

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार. बसल्या जागेवरून घालतोय, चालवून घे.

बाबांबरोबर तिळाचे लाडू पाठवलेत. आईने केलेत, पण ते तुला सांगू नको म्हणाली. तू दिवाळीला आली नाहीस, तुळशीच्या लग्नाला आली नाहीस. पोलादपूर काही परदेशात नाही. बाबा रोज चार वेळा तुझ्या दारावरून जातात, आणि तुझी खिडकी लावलेली असते.

हे पत्र सद्याला दाखवू नकोस.

त्याने बंदूक परत पाठवली. बरोबर वहीच्या पानाचा तुकडा होता. त्यावर लिहिलंय, ‘दादा, बंदूक जड झालीय. बदकं मरत नाय.’ बाबा म्हणाले, बिघडली असेल, उघडून बघतो. मी उघडू दिली नाही. मावशी, ती प्लास्टिकची आहे. आत एक भिंग आणि एक वायर आहे. ती कशी जड होईल?

मी त्याच्याएवढा असताना आईला म्हटलं होतं, दप्तर जड झालंय. तिने त्यातली दोन पुस्तकं काढून ठेवली. दुसऱ्या दिवशीही ते जडच होतं. मग हाशिम माझं दप्तर घ्यायला लागला, आणि पुढे मलाच पाठीवर घ्यायला लागला.

तू गणपतीत पाहिलंस. सद्या पायरीवरून उठला तो आधी ओणवा झाला, मग गुडघ्यांवर हात, मग मांड्यांवर हात, असा स्वतःवरच चढत उभा राहिला. आईने पाहिलं आणि तिच्या हातातला तांब्या पडला. त्याच संध्याकाळी तू निघून गेलीस. तू काय पाहिलंस ते तुलाही कळलं होतं, कारण तुम्ही दोघींनी ते लहानपणी पाहिलंय. वाडीवरचा कुशामामा. आजी म्हणायची, बाहेरचं आहे, आणि दर अमावस्येला कोंबडं द्यायची. तू आणि आई त्याला आलटून पालटून पाठीवर घेऊन झऱ्यावर न्यायचात. तो सतराव्या वर्षी गेला. मी आता अठरा पूर्ण केलीत, म्हणजे घराण्यात पहिला आलो.

मुंबईच्या डॉक्टरांनी आईला कागदावर रेघा काढून दाखवलं होतं, हा स्नायूंचा आजार आईकडून मुलाकडे येतो, आणि आईच्या बहिणीला मुलगा झाला तर त्यालाही असू शकतो. तेव्हापासून आईला वाटतं तू तिला दोष देशील, आणि तुला वाटतं ती तुला अभागी म्हणेल. दोघींपैकी कुणीही काहीही केलेलं नाही. पण तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही तर बोलतच नाही.

बाबा सांगतात, तू त्याला रोज सकाळी देवळाच्या पायऱ्या चढायला लावतेस. पाय मजबूत होतील म्हणून. मावशी, नको. मला राग येतो तुझा, खरंच येतो, कारण माझ्याही पायांना आईने तेच केलं आणि मी तिला नाही म्हणू शकलो नाही. पाय मजबूत होत नाहीत. जे आहे ते लवकर संपतं. तेल लावून, नवस बोलून, कुणा वैद्याची मुळी उगाळून काही होत नाही. औषध नाही. मी तुला दुसरं काही सांगितलं असतं, पण माझ्याकडे नाही.

मी त्याला कुठला गेम आधी खेळ आणि कुठला मागे ठेव ते लिहिलं, तो तुला पोरखेळ वाटला असेल. ज्या क्रमाने ते गेम माझ्या हातून गेले, तोच क्रम आहे तो. आधी खांदे जातात, म्हणून आधी बंदूक. मग अंगठ्यांची चपळाई. माझ्याकडे आता रणगाडे राहिलेत. मांडीवर फळी, फळीवर रिमोट, अशी माझी बैठक असते. त्याच्याजवळ अजून सगळं आहे, फक्त बंदूक नाही. म्हणून सांगतो, त्याला पायऱ्या चढवू नकोस, खेळू दे. आणि एकदा इकडे आण. मला त्याच्याशेजारी बसून तो गरुड एकदा सांभाळायचाय. मी त्याला काहीही सांगणार नाही. आधीही सांगितलं नाही, आताही नाही. एवढं कर, मावशी. उन्हाळ्याच्या पुढे मी ढकलू शकेन असं वाटत नाही.

तुझा,
नीलेश


महाड,
११ मे २००३

प्रिय सहदेव,

अक्षर अमिताचं आहे. मी सांगतो आणि ती लिहिते, आणि तिला अर्थ कळला नाही तरी चालेल असं ठरलंय. तिला कळतो, पण ठरलंय.

परवा तुम्ही येऊन गेलात. बाबांनी तुला गाडीतून उचलून आत आणलं तेव्हा तू म्हणालास, चप्पल तुटलीय. चप्पल धड होती. मी पाहिली, तूही पाहिलीस. मावशीने आईकडे पाहिलं नाही. पण आत जाऊन दोघी फणस फोडायला बसल्या. बोलणं ऐकू आलं नाही, तरी एकीने तेलाची वाटी मागितली आणि दुसरीने दिली. आमच्याकडे गणपतीनंतर झालेलं हे पहिलं बोलणं.

तू सवयीने दोन नंबरचा रिमोट घेतलास. रणगाडे लावले. माझा रणगाडा वरच्या विटांमध्ये अडकला, आणि तू पुढे न जाता गरुडापाशी थांबून राहिलास. एरवी तू थांबत नाहीस. आणि मग, पडद्यावरची नजर न काढता, तू विचारलंस,

“दादा, तू आता कुठल्या गेमवर हायस?”

मावशी दारात गऱ्यांची ताटली घेऊन उभी होती. अमिताने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “गप खेळ.” तू गप खेळलास. गरुड गेला. मावशी मात्र ताटली तिथेच खाली ठेवून परत आत गेली आणि निघेपर्यंत बाहेर आली नाही.

माझं पत्र तू नीट वाचलंस, सहदेव. मला वाटलं होतं, ते फक्त तुझ्या आईला कळेल. मी शब्द दिला होता की तुला सांगणार नाही, आणि सांगितलं नाही. पण तू विचारलंस. विचारलेल्याला उत्तर न देणं मला जमत नाही, म्हणून हे पत्र.

तू आलास तेव्हा मी रणगाड्यांवर नव्हतो. गोळीचं बटण अमिता दाबत होती, फळीच्या बाजूने बोट घालून. मी नुसता बाण दाबत होतो. तुला ते दिसलंच असेल, म्हणून तर तू थांबलास. आता मी पिवळ्या गोळ्यावर आहे. त्याला चार बाणच पुरतात. त्यातला वरचा माझ्याकडून दाबला जात नाही, त्यामुळे माझा पिवळा खालच्या गल्लीत इकडून तिकडे करतो आणि भुतं यायची वाट पाहतो. ती येतात. मला त्याचं फार वाईट वाटतं असं नाही, खोटं कशाला बोलू, वाटतं. रोज वाटतं.

कॅसेट लावण्याआधी फुंकर मारतात ना, तीही आता अमिताच मारते. त्याबद्दल तू विचारलं नाहीस, म्हणून मी सांगत नाही.

आणि पिवळ्याच्या पुढे कुठला, हे तू पुढच्या वेळी विचारशील. पुढे गेम नाही. मी आणि हाशिमने शेवटच्या नंबरापर्यंत जाऊन बघितलं होतं, तुला लिहिलंच होतं.

बाबांबरोबर माझा एक नंबरचा रिमोट पाठवतोय. तुझ्या रिमोटची बटणं नवी आहेत, टणक आहेत, त्यांना जोर लागतो. याची बटणं मी इतकी वर्षं दाबून मऊ केलीत. नुसतं बोट ठेवलं तरी चालतात. पण आत्ता वापरायचा नाही. आत्ता तुझ्या टणक रिमोटवरच खेळ, सोल्जर खेळ, मिशीवाला खेळ, दणादण बटणं दाब, मोडली तर मोडू देत. हा कपड्यात गुंडाळून कपाटात ठेव. कधी काढायचा ते तुझं तुला कळेल, आईला विचारावं लागणार नाही. तिने विचारलं तर तिला म्हण, दादाने जुना दिला, कारण त्याला नवा मिळाला. तिला खरं माहीत असेल, पण तिला तसंच सांग.

दोन नंबरचा मी ठेवून घेतलाय. सेट आजच कपाटावर गेला, त्यामुळे तो कशाला जोडलेला नाही. फळीवर समोर असतो. तू धरलास त्या जागी थोडा फणसाचा चीक लागलाय, तो अमिताला पुसू दिला नाही.

आता एक नंबर तू.

तुझा दोन नंबर,
नीलेश